सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती?

आदर्श वायूच्या समीकरणात चार राशी असतात: दाब, आकारमान, मोलची संख्या आणि तापमान. दाब गुणिले आकारमान बरोबर मोल गुणिले वायू स्थिरांक गुणिले तापमान. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘पीव्ही बरोबर एनआरटी’. दाब वाढला की आकारमान घटते हे बॉइलने १६६२ मध्ये मांडले, तापमानाचा परिणाम गे-लुसॅकने १८०२ मध्ये, आणि १८३४ मध्ये फ्रेंच अभियंता क्लॅपेरॉनने हे नियम एकत्र जोडले. तीन राशी ठाऊक असल्या की चौथी निघते. गणित चुकते ते बहुधा एककांपाशी.

रुग्णालयातल्या मोठ्या ऑक्सिजन सिलिंडरचे आतले आकारमान सुमारे ४६.७ लिटर असते आणि भरल्यावर दाब साधारण १५० बार. तापमान २७ अंश सेल्सिअस असेल, तर त्यात २७३ मिळवून ३०० केल्विन घ्यावे लागते. दाब बारमध्ये, आकारमान लिटरमध्ये, म्हणून स्थिरांक ०.०८३१. (दाब ॲटमॉस्फिअरमध्ये असता तर ०.०८२१; पास्कल आणि घनमीटर वापरले तर ८.३१४.) १५० गुणिले ४६.७ म्हणजे ७,००५, त्याला २४.९३ ने भागले की सुमारे २८१ मोल. ऑक्सिजनचा एक मोल ३२ ग्रॅमचा, तेव्हा आत जवळपास ९ किलो वायू आहे. तोच १ बार दाबाला सोडला तर ७ घनमीटर जागा व्यापेल, आणि सात घनमीटरचा सिलिंडर हीच त्याची व्यवहारातली ओळख.

हा सिलिंडर उन्हात ५४ अंशांपर्यंत तापला तर? २७ चे ५४ झाले, म्हणून दाबही दुप्पट, असे उत्तर हमखास येते. प्रत्यक्षात ३०० चे ३२७ झालेले असतात. दाब ९ टक्क्यांनीच वाढून १६३.५ बार होतो. सेल्सिअसचे शून्य पाण्याच्या गोठण्यावरून ठरले आहे, वायूचा त्याच्याशी संबंध नाही.

रेणूंना स्वतःचा आकार नाही आणि त्यांच्यात आकर्षणही नाही, असे हे समीकरण धरून चालते. १५० बारला ते तंतोतंत खरे नसते, त्यामुळे उत्तरात काही टक्क्यांचा फरक पडतो. व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये सुचवलेली दुरुस्ती त्यासाठीच आहे.

स्वयंपाकाच्या सिलिंडरला मात्र हे गणित लागूच पडत नाही. त्यात बहुतेक द्रव असतो, आणि द्रव शिल्लक असेपर्यंत वरच्या वाफेचा दाब मुख्यतः तापमानावर ठरतो. दाब पाहून उरलेला गॅस कळत नाही. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. रिकाम्या टाकीचे वजन त्याच्यावर लिहिलेले असते. भरलेला घरगुती सिलिंडर त्याहून १४.२ किलो जड भरतो.