विमान वारा पाहून उतरते, आपणही वारा पाहून फवारावे

वाचकहो, पाथरीच्या शिवारावरून विमान गेले की मुले माना वर करून पाहतात. ते विमान उतरतानाही आपल्यासारखाच वाऱ्याचा विचार करावा लागतो, हे त्यांना जरूर सांगा.

खळ्यावर उफणणी करताना आपण आधी वारा कुठला आहे ते पाहतो. वैमानिकही तेच पाहतो. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरवतात. समोरचा वारा त्याला उचलून धरतो आणि ते थोड्या अंतरात थांबते. आपल्या बाजूच्या नांदेड विमानतळाच्या धावपट्टीच्या दोन टोकांना १० आणि २८ असे आकडे आहेत. त्यांपुढे एक शून्य द्या. १०० अंश म्हणजे जवळजवळ पूर्व आणि २८० अंश म्हणजे जवळजवळ पश्चिम. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला, की विमान पश्चिमेकडे तोंड करून उतरते.

विमानतळाच्या हवामान अहवालात '२७० अंश, १२ नॉट' असे असेल, तर वारा पश्चिमेकडून ताशी सुमारे २२ किलोमीटर वेगाने येत आहे असे समजावे. विमानाला हा वारा चालतो, फवारणीला चालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका. वारा जोराचा असेल तर पंप खाली ठेवावा. हलका असला तरी त्याच्याकडे तोंड करून कधीही फवारू नये.

अहवालात तापमानाशेजारी दवबिंदूही असतो. तापमान १४ आणि दवबिंदू १३ असेल, तर हवा थोडी गार होताच पाणी सुटते. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर पहाटे धुई येण्याचा संभव असतो. दिसण्याचे अंतर १००० मीटरच्या आत आले, की त्याला धुके म्हणतात. अशा वेळी विमानाला थांबावे लागते. फुलावर आलेल्या तुरीकडे आपणही लक्ष ठेवावे, आणि पानावरचे दव उतरल्यावरच फवारणीला निघावे.

मात्र हा अहवाल विमानतळाचा, त्या घटकेचा. पाथरीहून नांदेड रस्त्याने शंभर किलोमीटरहून दूर आहे. तिथे ऊन असताना इथे सरी येऊ शकतात. म्हणून पेरणी-फवारणीसाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला पाहावा, आणि शेवटी चिमूटभर माती उधळून आपल्या बांधावरचा वाराही पाहावा.