रजेचा अर्ज आणि अंदमानचे बेट

कामगार चळवळीतला माणूस या व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाई भत्ता किंवा किमान वेतन यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि आजवर आम्ही ती इमानाने पुरी केली आहे. यंदाही विषय रजेचाच आहे. मात्र ही रजा एका समलिंगी तरुणाची आहे. त्याची एकट्याने समुद्राकाठी घालवावयाची पहिली रजा. समलिंगी म्हणजे ज्या पुरुषाचे मन स्त्रीवर न जडता पुरुषावरच जडते तो. अशी माणसे पुण्या-मुंबईतच असतात असा आपल्याकडे एक समज आहे. आमचाही होता.

दीड वर्षापूर्वी एक कामगार युनियनच्या कचेरीत आला. वय तिशीच्या आसपास, आय.टी.आय. करून फिटर झालेला. बाकीचे लोक जाईपर्यंत तो बाकावर बसून राहिला आणि मग म्हणाला, "भाऊ, आठ दिवसांची रजा पायजे. एकट्यानं समुद्र बघायला जायचंय." एकटाच का, असे आम्ही विचारले. पुढचे सारे त्याने दाराशी उभे राहून सांगितले. आम्ही रागावलो असतो तर त्याला लगेच बाहेर पडता आले असते. घरी लग्नाची बोलणी चालली होती. त्याला नाही म्हणावयाचे होते, पण धीर होत नव्हता. आयुष्यात एकदा तरी आठ दिवस कोणाचा मुलगा, कोणाचा भाऊ, कोणाचा जावई व्हावयाचा उमेदवार न होता काढावेत, आपल्यासारखे कोणी भेटले तर मोकळेपणी दोन शब्द बोलावेत, एवढीच त्याची इच्छा होती.

आम्ही त्याला बसावयास सांगितले, याचे श्रेय आमच्या उदारपणाला नाही. १९९८च्या सुमारास, आम्ही चळवळीत नवे असताना, असाच एक कामगार आमच्याकडे आला होता. दोघाजणांनी त्याला एका लॉजवर गाठले होते आणि पोलिसांत देण्याची धमकी घालून ते दर पगाराला त्याच्याकडून पैसे उकळीत होते. आम्ही त्याला सांगितले, गप्प राहा, युनियनचे नाव मध्ये आणू नको. चार महिन्यांनी त्याने हिशेब घेतला आणि गाव सोडले. पुढे त्याचे काय झाले ते आम्हांस कळले नाही. मालकाने एका कामगाराचे चार रुपये कापले तर आम्ही दारावर सभा घेत असू. येथे दोन गुंड एका सभासदाचा पगार खात होते आणि आम्ही तोंड फिरविले.

पुढे कायद्याची पुस्तके चाळताना एक गोष्ट दिसली. १८६०च्या दंडसंहितेत कलम ३७७ने पुरुषापुरुषांतील संबंध गुन्हा ठरविला. त्याच संहितेत कलम ३८८ होते. गुन्ह्याच्या आरोपाची भीती घालून खंडणी उकळणाऱ्यास त्यात शिक्षा सांगितली होती, आणि ज्या आरोपाची भीती घातली तो ३७७चा असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली होती. म्हणजे आपण केलेल्या कायद्याचा उपयोग पुढे कशासाठी होणार, हे कायदा करणाऱ्यास पहिल्या दिवसापासून ठाऊक होते! आमच्या त्या कामगारास हे कलम दाखवावयास हवे होते. त्या वेळी आम्हांलाच ते माहीत नव्हते.

दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली कलम ३७७ची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती परत बसविली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी निकाल दिला की सज्ञान माणसांनी संमतीने, खाजगीत ठेवलेला संबंध गुन्हा नाही. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. खंडणी हा गुन्हा मात्र आजही आहे. त्याचे कलम ३०८. समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारले, हेही सांगितले पाहिजे. पण आमच्या फिटरला लग्न करावयाचे नव्हते, सहलीला जावयाचे होते, आणि त्यापुरता कायदा आता त्याच्या आड येत नाही.

आता रजा. गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १८९० साली. पगारी वार्षिक रजा त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. फ्रान्समध्ये १९३६ साली संपांच्या लाटेनंतर कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि त्या उन्हाळ्यात कित्येक कामगारांनी जन्मात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. २०२०च्या नव्या संहितेत २४०ची अट १८०वर आली. अर्ज १५ दिवस आधी द्यावा असे कारखाना कायद्यात होते, पण रजा कशासाठी हवी हे लिहावे असे त्या कलमात कोठेही नव्हते. आम्ही त्याच्या अर्जात कारण घातलेच नाही. त्याला सवय मावशीचे आजारपण लिहिण्याची. आपल्या हक्काची रजासुद्धा खोटे बोलून घेण्याची ही सवय त्या एकट्याचीच आहे असे नाही.

बेट कोणते, यावर आमचे दोन रविवार गेले. त्याने मोबाईलवर निळ्या पाण्याची चित्रे पाहून मालदीव निवडले होते. आम्ही म्हणालो, चित्राआधी तेथला कायदा पाहा. मालदीवमध्ये समलिंगी संबंध आजही गुन्हा आहे. श्रीलंकेत ब्रिटिशांच्या वेळचेच कलम अजून पुस्तकात आहे. बाली ज्या देशात आहे त्या इंडोनेशियाने २०२२ साली नवी दंडसंहिता केली. तीत लग्नाबाहेरचा कोणताही शरीरसंबंध, नवरा-बायको, आईबाप किंवा मुले यांनी तक्रार केल्यास, गुन्हा ठरतो. याउलट थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५पासून दोन पुरुषांचे लग्नच कायदेशीर झाले आहे. फुकेत बेट त्याच देशातले. मॉरिशस तर आपल्या जिव्हाळ्याचे, कारण गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांची वस्ती तेथे पिढ्यान् पिढ्या आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी १८३८चे जुने कलम निकालात काढले.

पण या सगळ्यांना पासपोर्ट लागतो. पासपोर्टला पोलीस चौकशी लागते, आणि चौकशीला शिपाई घरी आला की गल्लीभर चर्चा. लक्षद्वीप आपलेच, पण तेथे प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. राहिले अंदमान. आधारकार्ड खिशात असले की भारतीय माणसास श्री विजयपुरमला, म्हणजे २०२४पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरला, आणि तेथून स्वराज द्वीपला जाता येते. हे स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. २०१८च्या डिसेंबरात नाव बदलले. आदिवासींच्या राखीव प्रदेशात मात्र पाऊल टाकावयाचे नाही. १९५६पासून तसा कायदा आहे, आणि तो योग्य आहे. अंदमानचे नाव निघताच तो म्हणाला, "हे बरंय. सावरकरांची कोठडी बघायला चाललो म्हटलं की आईबी काय म्हणणार नाही." आम्हांला त्यात आणखीही एक गोष्ट दिसली. अंदमानातील कैद्यांची वसाहत १८५८ची आणि दंडसंहिता १८६०ची. दोन्ही एकाच सरकारने दोन वर्षांत उभी केलेली. सेल्युलर जेल पुढे १९०६ साली पुरा झाला.

पुण्या-मुंबईच्या सहल कंपनीबरोबर जावे असे त्याच्या एका मित्राने सुचविले. ते आम्ही दोघांनीही मोडून काढले. अशा सहलीत चाळीस माणसांत अठरा जोडपी असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्याला कोणीतरी काकू विचारतातच, लग्न केव्हा करणार?

पैशाचा मार्ग सरळ होता. त्याने पतसंस्थेत दीड वर्ष दरमहा दोन हजार टाकले. प्रवासात खर्च मोठा विमानाचा, आणि तिकीट तीन महिने आधी काढले तर तो बराच उतरतो. उमरगा-जहीराबाद रस्त्याने बसने हैदराबाद गाठावे आणि तेथून किंवा चेन्नईहून विमान धरावे. (आमच्या आजोबांना हैदराबाद म्हणजे राजधानी, त्यांच्या काळी तेथून पुढे कोठे जावयाचे असते हेच ठाऊक नव्हते.) चेन्नईहून जहाजही आहे, पण त्यात अडीच-तीन दिवस जातात आणि आठ दिवसांच्या रजेला ते परवडत नाही. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. मेपासून तेथे पाऊस लागतो आणि समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच मुख्य बेटावर येऊन राहावे. अंदमान धाराशिवच्या पूर्वेला सुमारे सोळा-सतरा अंशांवर आहे, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे तेथे सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून थोडा अधिक लवकर उगवतो आणि तितकाच लवकर मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो. अनोळखी ठिकाणी एकट्याने फिरणाऱ्याने दिवसाचा बेत या हिशेबाने करावा.

खोलीविषयी त्याला फार भीती होती. एका पुरुषाने एकट्याने खोली घेणे हा कोठलाही गुन्हा नाही, आणि दोन सज्ञान पुरुषांनी एक खोली घेणे हाही नाही. गंमत अशी की आपल्या देशात स्त्री-पुरुष जोडप्याला लॉजवाला दहा प्रश्न विचारतो आणि दोन पुरुषांना एकही नाही. एकट्याला मात्र काही ठिकाणी नकार मिळतो. तेव्हा आधी फोन करून, एकटाच येत आहे आणि इतके दिवस राहणार आहे, हे स्पष्ट सांगून होकार लेखी घ्यावा. त्याने तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने कारण विचारले, दुसऱ्याने दर वाढविला, तिसऱ्याने फक्त आधारकार्डाची प्रत मागितली. तिसरे ठिकाण ठरले.

माणसे भेटण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. छोट्या बेटावर समलिंगी लोकांचे ठरलेले ठिकाण असेल अशी आशा धरून जाऊ नये. आजकाल ओळखी मोबाईलवरून होतात, ग्राइंडरसारख्या ॲपवर, आणि १९९८चे ते दोन गुंड आज त्याच ॲपवर खोटा फोटो लावून बसलेले असतात. म्हणून पहिली भेट दिवसाउजेडी, चहाच्या टपरीवर, चार माणसांत. पहिल्याच दिवशी आपल्या खोलीचा पत्ता देऊ नये. मोबाईल दुसऱ्याच्या हातात देऊ नये. पैसे दोन जागी ठेवावेत. धमकी आली तर एक रुपयाही देऊ नये, कारण पहिला रुपया दुसऱ्याची वाट दाखवतो. संदेश पुसून न टाकता जपून ठेवावेत आणि ११२ला फोन करावा. निरोध जवळ असावा. तशी जोखीम घडलीच तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात जावे, एच.आय.व्ही. टाळण्याचे औषध त्या मुदतीतच सुरू करावे लागते. श्री विजयपुरमला गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे. या गोष्टी व्यासपीठावरून बोलू नयेत असे कोणास वाटेल. पण त्या न बोलल्याने काय होते तेही आम्ही पाहिले आहे.

निघण्यापूर्वी एकदा तो पुण्याला जाऊन आला. तेथे बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट काढला. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४पासून आहे. खिरे यांची मराठी पुस्तके त्याने वाचली, आणि मग आम्हीही वाचली. आपल्या भाषेत आपल्याविषयी कोणी सरळ वाक्यांत लिहिले आहे, याचेच त्याला अधिक नवल वाटले.

समुद्राबद्दल आम्ही त्याला बजावून सांगितले, कारण मराठवाड्यातला माणूस विहिरीत पोहायला शिकतो आणि त्याला वाटते की पाणी ते पाणी. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे पाणी लाटेने किनाऱ्यावर येते आणि कोठेतरी अरुंद वाटेने जोरात परत जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून झुंजतो, दमतो आणि बुडतो. झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे, मग आत वळावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. जेथे फलक लावला असेल तेथे पाण्यात उतरू नये. आणि पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकू नये, त्याला मनाई आहे.

जाण्याच्या दिवशी विमानाचा क्रमांक, खोलीचा पत्ता आणि बोटीच्या वेळा एका कागदावर लिहून तो बंद पाकिटात आमच्यापाशी ठेवला. रोज रात्री आठला एक संदेश येईल. दोन रात्री आला नाही तर पाकीट फोडावयाचे, असे ठरले. तेथे मोबाईलला रेंज कमी, त्यामुळे एक रात्र चुकली आणि आम्ही झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला राधानगर किनाऱ्याचा फोटो आला. त्यात माणूस नव्हताच, नुसते पाणी.

परत आल्यावर आईला त्याने सेल्युलर जेलचे फोटो दाखविले. आमच्याकडे कचेरीच्या पायरीवर बसून तासभर बोलला. नाशिककडचा एक शाळामास्तर भेटला होता. दोघे तीन संध्याकाळी किनाऱ्यावर बसले, त्याहून अधिक त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. लग्नाच्या बोलण्यांना त्याने पुढच्या आठवड्यात वडिलांपाशी नाही म्हटले. कारण सांगितले नाही. घरात अबोला आहे, तो अजून संपलेला नाही. पाकीट त्याने न फोडता परत नेले आणि यंदाच्या शिल्लक रजेचा हिशेब करून ठेवावयास सांगितले आहे. तो अकरा दिवसांचा होतो.