‘इट’चा पाट कुठे मांडावा?

दिवाळीच्या सुट्टीत चार बिऱ्हाडांतली मंडळी एकत्र जमली की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘पंखा उगाच चालू आहे, स्विच ऑफ इट!’ लगेच इंग्रजी शाळेतले एखादे चुणचुणीत पोर फिस्सकन हसते आणि बजावते, ‘स्विच ऑफ इट नव्हे, स्विच इट ऑफ!’ बोलणारा ओशाळतो. तो काका असो वा आजी, पुढचा अर्धा तास इंग्रजीच्या वाटेला जात नाही. बरे, त्या पोराला ‘असे का?’ म्हणून विचारावे, तर ‘आमच्या टीचरने सांगितले’ यापलीकडे उत्तर नाही.

या ‘का’ला उत्तर आहे. मी मराठीचा मास्तर. इंग्रजीच्या अंगणात माझे काय काम, असे कोणी म्हणेल. पण त्या उत्तराचा निम्मा भाग आपल्याच माळ्यावरच्या जुन्या पेटीत सापडतो, म्हणून हा अव्यापारेषु व्यापार.

प्रथम आपली चूक होते कशी ते पाहू. मराठीत आपण ‘पंखा चालू आहे, बंद कर’ एवढेच म्हणतो. ‘त्याला बंद कर’ असे कोणी म्हणत नाही. सर्वनाम सरळ गाळले जाते. इंग्रजीला हे गाळणे चालत नाही. म्हणून ‘बंद कर’चे ‘स्विच ऑफ’ करून झाल्यावर आपल्याला आठवण होते की, अरे, ‘इट’ राहिलेच! मग पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा त्याचा पाट आपण टोकाला मांडतो.

इंग्रजीत मात्र त्याचा पाट मध्ये असतो. ‘स्विच ऑफ द फॅन’ आणि ‘स्विच द फॅन ऑफ’ ही दोन्ही वाक्ये चालतात; नामाला दोन्ही जागा मोकळ्या. ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ यांना मात्र मधलीच. कारण सर्वनाम अंगाने हलके असते, ज्याच्याविषयी बोलायचे ते आधीच ठाऊक असते, आणि इंग्रजी वाक्याला आपला भार शेवटी टाकायला आवडतो. तो भार ‘इट’ला पेलत नाही, ‘ऑफ’ला पेलतो.

एवढे कळले की मूल आनंदाने घरी येते आणि सांगते, ‘आय विल लुक हर आफ्टर!’ झाली पुन्हा फजिती. इथे ‘लुक आफ्टर हर’च हवे. आता काय करावे?

लग्नघरी एखादा अनोळखी इसम दिसला की आपण हळूच विचारतो, ‘हे कोणाकडचे? मुलाकडचे की मुलीकडचे?’ तोच प्रश्न या इवल्या शब्दाला विचारावा. ‘स्विच ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाकडचा आहे. त्या दोघांनी मिळून एक संसार मांडला आहे. ‘आफ्टर हर’मधला ‘आफ्टर’ हा ‘हर’कडचा, तो तिच्या पुढेच उभा राहणार. पहिल्याला इंग्रजी व्याकरण क्रियाविशेषण म्हणते, दुसऱ्याला शब्दयोगी अव्यय. पंचाईत अशी की, एकच शब्द आज या पक्षाकडून येतो, तर उद्या त्या पक्षाकडून. ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. मराठीतही योगायोगाने गंमत साधते : तो टेकडी चढला, आणि त्याने बिल चढवले. टेकडीच्या जागी सर्वनाम घातले तर ‘ही रॅन अप इट’, बिलाच्या जागी घातले तर ‘ही रॅन इट अप’. म्हणजे आपले ते हसू आणणारे ‘अप इट’ टेकडीवर अगदी बरोबर ठरते!

कानालाही हा भेद कळतो. ‘पुट इट ऑन’ म्हणताना इंग्रज ‘ऑन’वर ठासून बोलतो, ‘लुक अ‍ॅट इट’ म्हणताना जोर साधारणपणे ‘लुक’वर असतो, आणि ‘अ‍ॅट’ कसाबसा ऐकू येतो.

आता ती माळ्यावरची पेटी उघडू. हृ या एकाच धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द होतात, हे शाळेत संस्कृत घेतलेल्याला सांगायला नको. उपसर्ग बदलला की धातू कुठल्या कुठे जातो. ‘गिव्ह अप’, ‘गिव्ह इन’, ‘गिव्ह अवे’ यांत दुसरे काय घडते? पाणिनीने तर सांगून ठेवले आहे की, उपसर्ग धातूच्या आधी येतात. पण वेदात ते धातूनंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्दही शिरतात. आधी धातू, मध्ये परका शब्द, मागून उपसर्ग : ‘स्विच इट ऑफ’ची हीच तर ठेवण! एवढेच नव्हे, हेच शब्द धातूला सोडून नामाच्या बाजूला गेले, तर पाणिनी त्यांना वेगळे नाव देतो : कर्मप्रवचनीय. ‘प्रतिकार’ यातला ‘प्रति’ धातूकडचा; ‘वृक्षं प्रति’, म्हणजे झाडाच्या दिशेने, यातला वृक्षाकडचा. आपल्या लग्नघरचा प्रश्न त्याने केव्हाच विचारून ठेवला होता.

इंग्रजीतही एके काळी असे शब्द धातूला पुढून चिकटत. ‘अंडरस्टँड’, ‘ओव्हरकम’ ही त्यांतली उरलेली जुनी खोडे. पुढे ते सुटे झाले आणि मागे गेले. १७५५ साली डॉ. जॉन्सनने आपला कोश सिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने नमूद केले की, परक्यांना सर्वांत अवघड जाते ते हेच प्रकरण. त्याला ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव छापात मिळाले ते बरेच पुढे, १९२५ साली, लोगन पियरसॉल स्मिथच्या पुस्तकात.

तेव्हा अडखळणाऱ्या आजीला कोणी हसू नये. उलट हसावेसे वाटते ते या क्रियापदांच्या लांबलचक याद्या पोरांकडून घोकून घेणाऱ्या गाइडांना. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. कोवळी मुले ‘पुट ऑन’, ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’ पाढ्यांसारखे म्हणतात, आणि ‘इट’ आले की थबकतात. यादीत अर्थ असतो, पण ‘इट’ची जागा नसते. साहेबाची तरी आपल्याकडे कुठे वेगळी गत होते? ‘पैसे देऊन टाकले’ आणि ‘पैसे देऊन बसलो’ यांतला फरक त्याला यादीवरून समजवून पाहा!

आणि ही जागा चुकली की नुसते हसू होते असेही नाही. समजा, गावाकडच्या एका मामांनी भाच्याला शहरातल्या महाविद्यालयात घातले. पोराचे वडील नाहीत, फीचा भरवसा प्राचार्यांना हवा आहे. मामा पत्रात लिहू पाहतात की, शिक्षण पुरे होईपर्यंत मी याच्या पाठीशी आहे. त्याला इंग्रजीत छान वाक्य आहे : ‘आय विल सी हिम थ्रू.’ पण ‘हिम’ टोकाला सरकला आणि कागदावर उमटले, ‘आय विल सी थ्रू हिम.’ याचा अर्थ : या पोराचे सोंग मी ओळखल्यावाचून राहणार नाही!