अर्थशास्त्राचे पदवी शिक्षण, चिलीच्या कॅथलिक विद्यापीठातील
दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या सांत्यागो या राजधानीत असलेल्या पाँटिफिकल कॅथलिक विद्यापीठाचा अर्थशास्त्रविषयक पदवी अभ्यासक्रम. विद्यापीठाची स्थापना १८८८ मध्ये झाली. सांत्यागोचा आर्चबिशप हा त्याचा पदसिद्ध महाकुलपती असतो. विद्यापीठात वाणिज्य व अर्थशास्त्र यांची विद्याशाखा १९२४ मध्ये निघाली. पदवी अभ्यासक्रमाचा इतिहास एखाद्या देशाच्या राजकीय इतिहासाचा भाग व्हावा, असे क्वचितच घडते. या अभ्यासक्रमाच्या बाबतीत तसे घडले.

भारतीय वाचकाने येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मुंबईचे सेंट झेव्हिअर्स (स्थापना १८६९) यासारख्या कॅथलिक महाविद्यालयांत अर्थशास्त्र दीर्घकाळ शिकविले गेले, ते संलग्न विद्यापीठाने आखलेल्या अभ्यासक्रमानुसार. सेंट झेव्हिअर्सला स्वायत्तता मिळाली ती २०१० मध्ये. चिलीतील संस्था मात्र स्वतःच विद्यापीठ असल्याने काय शिकवावयाचे व कोणी शिकवावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार तिच्याच हाती होता.

या अभ्यासक्रमातून मिळणाऱ्या व्यावसायिक पदाला चिलीत ‘व्यापारी अभियंता’ असे म्हणतात. यंत्रविद्येशी त्याचा संबंध नाही. अर्थशास्त्र व व्यवसाय-प्रशासन या दोहोंचे एकत्र शिक्षण त्यात अभिप्रेत असते. सामान्यतः चार वर्षांनी पदवी व त्यापुढील शिक्षणानंतर हे पद मिळते. आरंभी कलनशास्त्र, बीजगणित आणि सांख्यिकी यांवर भर असतो. नंतर अंशलक्षी व समग्रलक्षी अर्थशास्त्र, अर्थमिती, आंतरराष्ट्रीय व्यापार इ. विषय येतात. १९५० च्या सुमारास मात्र चित्र वेगळे होते. लेखाकर्म आणि कायदा यांचे प्राबल्य होते. शिक्षकही बहुधा वकील किंवा अभियंते असून आपापला व्यवसाय सांभाळून व्याख्याने देत.

या स्थितीत १९५६ च्या कराराने पालट झाला. शिकागो विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाचे प्रमुख थिओडोर शुल्ट्‌स १९५५ मध्ये सांत्यागोस आले होते. पुढे अमेरिकी शासनाच्या तांत्रिक साहाय्यातून दोन्ही विद्यापीठांत करार झाला. निवडक चिली विद्यार्थ्यांनी शिकागोस जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, शिकागोच्या प्राध्यापकांनी सांत्यागोत संशोधनकेंद्र उभारावे आणि परतलेल्या विद्यार्थ्यांना पूर्णवेळ अध्यापक म्हणून नेमावे, अशी ही योजना होती. तीत आर्नल्ड हार्बर्गर यांचा वाटा मोठा होता. त्या काळी सांत्यागोतच मुख्यालय असलेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आर्थिक आयोगाचा प्रभाव खंडभर होता. राऊल प्रेबिश यांच्या नेतृत्वाखाली हा आयोग आयात-पर्यायीकरण आणि शासनप्रेरित औद्योगिकीकरण यांचा पुरस्कार करी. त्या मताला शह देणे हा कराराचा एक हेतू होता, असे म्हणावयास आधार आहे.

परतलेल्या तरुणांनी अभ्यासक्रमाची पुनर्रचना केली. किंमत सिद्धांत हा त्याचा कणा बनला. सेर्हिओ दे कास्त्रो १९६५ मध्ये विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. अध्यापनाचा दर्जा उंचावला, हे विरोधकांनीही नाकारलेले नाही. शिक्षक पूर्णवेळ वर्गात व ग्रंथालयात असणे ही गोष्टच नवी होती. पण विद्यार्थ्यापुढे येणारे मत बहुधा एकच असे, आणि ते निर्विवाद शास्त्र म्हणून मांडले जाई. हा या शिक्षणाचा मोठा दोष होय.

येथेच कॅथलिक या विशेषणाचा प्रश्न उद्‌भवतो. पोप तेरावे लीओ यांच्या १८९१ च्या परिपत्रकापासून चर्चने न्याय्य वेतन, कामगार-संघटनांचा हक्क आणि मालमत्तेची सामाजिक जबाबदारी यांचा पुरस्कार केला होता. मजुरी केवळ करारावर सोडता येत नाही, असे त्याचे सांगणे होते. वर्गात मात्र मजुरी ही इतर किमतींसारखीच एक किंमत होती. विशेष म्हणजे याच विद्यापीठात बेल्जियन जेझुइट रॉजर व्हेकेमान्स यांच्या पुढाकाराने समाजशास्त्राचे अध्यापन सुरू होऊन सामाजिक सुधारणांचा विचार मांडला जात होता. ऑगस्ट १९६७ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचा ताबा घेऊन सुधारणांची मागणी केली. कार्डिनल राऊल सिल्व्हा एन्रिकेस यांनी मध्यस्थी केली व फेर्नांदो कास्तियो व्हेलास्को हे पहिले अधर्मोपदेशक कुलगुरू झाले. अर्थशास्त्र विद्याशाखा या चळवळीपासून दूर राहिली.

साल्व्हादोर आयेंदे यांच्या कारकीर्दीत (१९७०–७३) या अध्यापकांच्या गटाने पर्यायी आर्थिक धोरणाचा एक जाडजूड मसुदा सिद्ध केला. जाडीमुळेच त्याला ‘वीट’ हे नाव पडले. ११ सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर तो नव्या सत्ताधाऱ्यांच्या हाती पडला व ‘शिकागोची मुले’ म्हणून ओळखले जाणारे हे प्राध्यापक शासनात शिरले. दे कास्त्रो १९७६ च्या अखेरीपासून १९८२ पर्यंत अर्थमंत्री होते. वर्गातील सिद्धांत आता संसद व संघटनांचा अडसर नसलेल्या देशावर लागू झाले. १९७३ मध्ये पाचशे टक्क्यांहून अधिक असलेली चलनवाढ खाली आली. जकातीचा दर १९७९ पर्यंत सरसकट १० टक्क्यांवर आणला गेला. त्याच वर्षी चलनाचा दर डॉलरशी ३९ पेसो असा बांधण्यात आला. १९८२ मध्ये तो टिकला नाही, बँका कोसळल्या व राष्ट्रीय उत्पादन एक दशांशाहून अधिक घटले. त्या वर्षांत सांत्यागोच्या गरीब वस्त्यांतून चर्चच्या आश्रयाने सामुदायिक स्वयंपाकघरे चालत होती. कार्डिनल सिल्व्हा यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेली ‘एकजुटीची व्हिकारिया’ ही संस्था पीडितांना कायद्याचे साहाय्य देत होती. एका बाजूस हे चर्च आणि दुसऱ्या बाजूस त्याच चर्चच्या विद्यापीठातून आलेले मंत्री, असे हे दृश्य होते.

सर्वच पदवीधर एका साच्याचे निघाले, असे मात्र नाही. रिकार्दो फ्रेंच-डेव्हिस याच विद्यापीठात व नंतर शिकागोत शिकले आणि त्या धोरणाचे अभ्यासू टीकाकार ठरले. विद्यापीठातील आलेहांद्रो फॉक्सली यांच्या गटाने १९७६ मध्ये बाहेर पडून स्वतंत्र संशोधनसंस्था काढली. लोकशाही परतल्यावर फॉक्सली अर्थमंत्री (१९९०–९४) झाले व त्यांनी खुला व्यापार कायम ठेवून सामाजिक खर्च वाढविला. दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेले सेबास्तिआन पिन्येरा (१९४९–२०२४) हेही येथील व्यापारी अभियंताच.

चिलीत १९८१ नंतर उच्च शिक्षण सशुल्क झाले. २०११ च्या विद्यार्थी-आंदोलनानंतर, २०१६ पासून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना या विद्यापीठातही शुल्कमाफी मिळू लागली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सामान्य शिक्षणाचा भाग म्हणून धर्मविद्येचा एक विषय घ्यावा लागतो. किंमत सिद्धांताच्या तासाशी त्याची सांगड घालण्याचे काम मात्र बहुतांशी विद्यार्थ्यावरच सोपविलेले असते.