गच्चीवरच्या उन्हाचा जमाखर्च

बंगळूरमध्ये नवे घर बांधणाऱ्याला विजेची जोडणी हवी असेल, तर आधी गच्चीवर सौर बंब बसवावा लागतो. या सक्तीचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि फायदा कोणाच्या पदरात पडतो?

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी कर्नाटकातल्या घराघरांत न्हाणीघरातला हंडा घासूनपुसून लखलखीत केला जातो. त्याला हळदकुंकू लावतात, फुलांची माळ घालतात आणि काठोकाठ पाणी भरतात. या दिवसाला कानडीत नावच आहे 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पाण्याने अभ्यंगस्नान. महाराष्ट्रातून येऊन बंगळूरमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांना यात काही परके वाटत नाही. त्यांच्या आजीकडे तांब्याचा बंब होता, इथे हंडा आहे, एवढाच फरक.

आता हंडा बहुतेक घरांत पूजेपुरता उरला आहे. स्नानाचे पाणी गच्चीवरून येते. जयनगर, राजाजीनगर, विजयनगर अशा जुन्या वस्त्यांत कुठल्याही गच्चीवर उभे राहून पाहिले, तर चहूकडे तिरक्या काळ्या काचा आणि त्यांच्या माथ्यावर आडव्या टाक्या दिसतात. देशात सौर बंब सर्वाधिक असलेल्या शहरांत बंगळूरचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. लोकांनी ते काही केवळ निसर्गप्रेमापोटी बसवलेले नाहीत. त्यामागे एक सरकारी नियम आहे.

नियम काय सांगतो?

शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीने, म्हणजे बेस्कॉमने, २००७ मध्ये नवी अट घातली. शहरी हद्दीत १,२०० चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे घर बांधले, तर सौर बंब बसवल्याशिवाय जोडणी मिळणार नाही. बंगळूरच्या भाषेत हा 'तीस-चाळीस'चा प्लॉट, म्हणजे तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. मध्यमवर्गीय माणसाच्या घराचे माप हेच.

सक्तीसोबत थोडा गोडवाही होता. सौर बंब असलेल्या घराला बिलात युनिटमागे ५० पैसे सूट, पण महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये. केंद्र सरकारच्या योजनेतून बँकांमार्फत अल्प व्याजाने कर्जही मिळत असे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर मिशनमध्ये खरेदीवर ३० टक्के अनुदान मिळू लागले. ते २०१४ मध्ये बंद झाले, पण सक्ती तशीच राहिली.

असा नियम निघाला की घर बांधणारा पहिला प्रश्न विचारतो, 'हा भुर्दंड माझ्याच माथी का?' प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कागद-पेन्सिल घेऊनच शोधायला हवे.

एका घराचा हिशेब

समजा, चार माणसांच्या एका कुटुंबाने १०० लिटरचा सौर बंब बसवला. नळजोडणीसह खर्च २५,००० रुपये धरू. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला विजेच्या गीझरला सुमारे चार युनिटे लागतात. वर्षातले ढगाळ दिवस वजा करून ३०० दिवस उन्हाचे धरले, तर बचत १,२०० युनिटांची. युनिटचा दर सहा रुपये धरला, तर वर्षाला ७,२०० रुपये वाचले. साडेतीन वर्षांत पैसे वसूल!

सरकारी पत्रकांत १०० लिटरच्या बंबामुळे वर्षाला १,५०० युनिटांपर्यंत बचत होते असे लिहिलेले असते. परंतु संसाराचा हिशेब पत्रकासारखा सरळ नसतो. अनेक घरांत टाकीतले अर्धेच पाणी वापरले जाते. तसे झाले तर बचत ६०० युनिटांवर, म्हणजे ३,६०० रुपयांवर येते आणि वसुलीला सात वर्षे लागतात. हेच २५,००० रुपये बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर व्याज मिळाले असते. ते व्याजही धरले, तर पूर्ण वापर करणाऱ्याची वसुली चार वर्षांत होते आणि अर्धा वापर करणाऱ्याला दहा वर्षांच्या आसपास थांबावे लागते. चांगला बंब नीट राखला तर पंधरा वर्षे सहज टिकतो. म्हणजे सौदा तोट्याचा नाही, मात्र तो किती फायद्याचा ठरेल हे घरातल्या माणसांवर अवलंबून आहे.

या हिशेबात बंगळूरच्या हवेचाही वाटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरच्या या शहरात उन्हाळ्यातही पहाटे गार पाण्याची अंघोळ सर्वांना मानवत नाही. बंब बाराही महिने वापरात राहतो. हाच नियम चेन्नईत लावला असता तर वर्षातले कितीतरी महिने टाकी नुसतीच तापत राहिली असती.

सकाळी सहाची वीज

आता दुसरी बाजू पाहू. दोन किलोवॅटचे एक हजार गीझर एकदम सुरू झाले तर दोन मेगावॅट वीज लागते. सगळे एकाच क्षणी सुरू नसतात, म्हणून एक हजार सौर बंबांमागे सकाळच्या मागणीत सुमारे एक मेगावॅटची घट धरतात. रायचूरच्या औष्णिक केंद्रातला मूळ संच २१० मेगावॅटचा आहे. म्हणजे सुमारे दोन लाख सौर बंब सकाळच्या वेळी अशा एका संचाचा भार हलका करतात.

गीझरची गर्दी सकाळी दोन-अडीच तासांचीच. पण कोळशाचा संच बटण दाबताच सुरू होत नाही. त्या थोड्या वेळासाठी यंत्रणा सज्ज ठेवावी लागते किंवा बाहेरून महाग वीज घ्यावी लागते, आणि हा खर्च अखेर सगळ्यांच्या बिलात उतरतो. त्यात धूरही आलाच. कोळशापासून एक युनिट वीज करताना जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अर्धाच वापर करणाऱ्या घराची ६०० युनिटे सगळी कोळशाची धरली, तरी वर्षाला सहाशे किलोच्या आसपास वायू वाचला.

कोणी म्हणेल, आता कर्नाटकात सौर वीज भरपूर आहे, मग गच्चीवर बंब कशाला? तुमकूर जिल्ह्यातले पावगडचे सौर उद्यान २०१९ मध्ये २,०५० मेगावॅटपर्यंत पोहोचले, हे खरे. पण ती वीज मिळते दिवसा. पहाटे सहाला अंघोळीला निघालेल्या माणसाला तिचा उपयोग नाही. सौर बंबाची टाकी मात्र कालचे ऊन रात्रभर सांभाळून सकाळी बादलीत देते. महागड्या बॅटरीचे काम इथे जाड आवरणाची एक टाकी करते.

पैसे एकाचे, सुख दुसऱ्याचे

खरी अडचण येते ती भाड्याच्या घरात. बंगळूरच्या तीस-चाळीसच्या प्लॉटवर अनेकदा तीन मजले असतात. वरच्या मजल्यावर मालक आणि खाली दोन भाडेकरू. बंबाचे पैसे मालक भरतो, विजेच्या बिलातली बचत भाडेकरूला होते. मग मालक स्वस्तातला स्वस्त बंब बसवतो. नळात क्षार साचले, काच फुटली, तरी दुरुस्ती लांबणीवर पडते. भाडेकरू म्हणतो, 'मालकांचा बंब आहे, मालक बघतील.' शेवटी सगळे गीझरकडे वळतात आणि नियम गच्चीवर नुसता उभा राहतो.

तळमजल्यावरच्या घराची आणखी एक तक्रार असते. गच्चीवरून खालपर्यंत येणाऱ्या लांब नळातले गार पाणी निघून गेल्याशिवाय गरम पाणी येत नाही. रोज बादली-अर्धी बादली पाणी मोरीत जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ज्या शहराने पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली, तिथे हा लहान खर्च नव्हे. उंच इमारतींत तर गच्ची लहान आणि कुटुंबे फार. त्यामुळे सौर पाणी वरच्या काही मजल्यांनाच पुरते.

वीस-तीसच्या, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर राहणारे नियमातून सुटले. त्यांच्यावर खर्चाचा बोजा पडला नाही, हे योग्यच. पण बचतही त्यांच्या वाट्याला आली नाही. बंब असलेल्या घराला दिलेली बिलातली सूट मात्र एकूण वीजदरांतूनच भरून काढावी लागते, आणि त्या दरांत हीटरच्या कांडीवर पाणी तापवणाऱ्या घराचाही वाटा असतो.

एक हात देतो, दुसरा अडवतो

२०२३ मध्ये कर्नाटक सरकारने 'गृहज्योती' योजना आणली. घरगुती ग्राहकांना दरमहा २०० युनिटांपर्यंत वीज मोफत. किती युनिटे मोफत, हे ठरवताना २०२२-२३ मधला सरासरी वापर अधिक १० टक्के असे सूत्र धरले गेले. गरीब कुटुंबांना यामुळे मोठा आधार मिळाला, यात शंका नाही.

पण सौर बंबवाल्या घराचे काय झाले ते पाहा. ज्याने बंब वापरून वीज वाचवली त्याची सरासरी कमी, म्हणून मोफत युनिटेही कमी. ज्याने गीझर चालवला त्याची सरासरी जास्त, म्हणून मोफत वीजही जास्त. ज्या घराचे बिल शून्यावर आले, तिथे गीझर बंद ठेवून पैसे वाचत नाहीत. बंब दुरुस्त करायला प्लंबरला हजार रुपये का द्यायचे, असे त्या घरातल्या गृहिणीला वाटले तर तिला दोष देता येणार नाही. बचतीचा फायदा आता सरकारी तिजोरीला होतो, देखभालीचा खर्च मात्र घराकडेच राहतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या बंगळूर महापालिकेने शहराचा हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत शहराचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे ध्येय त्यात आहे. असे ध्येय गाठायचे तर दोन खात्यांचे नियम एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढून चालणार नाही.

इतरांनी काय केले?

सक्तीचा मार्ग बंगळूरनेच शोधला असे नाही. तेलटंचाईने होरपळलेल्या इस्रायलने १९८० मध्येच नव्या घरांना सौर बंब सक्तीचा केला, मात्र फार उंच इमारतींना त्यातून वगळले. स्पेनमधल्या बार्सिलोना शहराने २००० पासून नव्या इमारतींच्या गरम पाण्याचा ६० टक्के भाग उन्हातून मिळवण्याची अट घातली. पुणे महापालिकेने वेगळी वाट धरली. सौर ऊर्जा, पर्जन्यजल संचय किंवा गांडूळखत यांपैकी एक योजना राबवणाऱ्याला मालमत्ता करात ५ टक्के आणि दोन राबवणाऱ्याला १० टक्के सूट. ही सूट थेट मालकाच्या हाती पडते. त्यामुळे भाड्याच्या घरातला 'पैसे एकाचे, सुख दुसऱ्याचे' हा तिढा थोडा तरी सैल होतो.

बंब घेताना

* घरातल्या माणसांच्या खऱ्या वापराप्रमाणे टाकी घ्या. मोठी टाकी म्हणजे मोठी बचत नव्हे.
* बोअरचे पाणी असेल तर क्षार काढण्याची सोय विचारा आणि वर्षातून एकदा टाकी व नळ्या साफ करून घ्या.
* काचांचे तोंड दक्षिणेकडे हवे. शेजारच्या भिंतीची किंवा झाडाची सावली पडत नाही ना, हे हिवाळ्यातल्या उन्हात पाहा.
* गरम पाण्याचा नळ शक्य तितक्या जवळून आणा आणि त्याला उष्णतारोधक आवरण घाला. सुरुवातीचे गार पाणी बादलीत धरा, ते धुण्याभांड्यांना होईल.
* भाड्याच्या घरात दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा, हे करारातच लिहून घ्या.

बंगळूरच्या नियमाने एक गोष्ट सिद्ध केली. सरकारने सांगितले म्हणून लोकांनी खर्च केला आणि ज्यांनी बंब रोज वापरला, राखला, त्यांचे पैसे परतही आले. जिथे खर्च करणारा आणि फायदा घेणारा वेगवेगळे झाले, तिथे मात्र तीच सक्ती डोईजड ठरली. पुढचा नियम करणाऱ्यांनी तो कागदावर उतरवण्याआधी एखाद्या तीन मजली घराच्या गच्चीवर जावे, मग तळमजल्यावर उतरून सकाळी सहाला तिथला नळ सोडून पाहावा.