भोसरीतला बुधवार आणि डॉसवरचा रीडर

सकाळी साडेआठ

शटर वर केलं की आधी अगरबत्ती, मग ४८६चा स्विच. डीएक्स-टू, ६६ मेगाहर्ट्झ, १६ एमबी रॅम, एमएस-डॉस ६.२२. मूळची हार्ड डिस्क कधीच गेली; आता आत अडॅप्टरवर बसवलेलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आहे. त्यातही २ जीबीचंच पार्टिशन, कारण फॅट-१६ला त्यापुढे जाता येत नाही. डॉससाठी दोन जीबी म्हणजे चंगळच आहे.

हे यंत्र हौस म्हणून ठेवलेलं नाही. ईप्रॉम बर्न करायचं आमचं कार्ड आयएसए स्लॉटमध्ये बसतं आणि त्याचा प्रोग्राम थेट पोर्टशी बोलतो. नंतरच्या विंडोजना ते खपत नाही. तेव्हा बर्नर आहे तोवर ४८६ आहे, आणि त्याच ४८६वर डेटाशीट वाचायला अॅक्रोबॅट रीडरची डॉस आवृत्ती आहे. हो, डॉससाठीही निघाला होता तो. नव्वदच्या दशकातल्या डेटाबुकच्या सीडीवर विंडोज आणि मॅकच्या रीडरशेजारी हा तिसरा भाऊ असायचा. विंडोजवाल्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मशीन सुरू होताना मेनू येतो: एक बर्नर, दोन रीडर. ही सोय डॉस ६पासूनची, कॉन्फिग.सिसमध्ये चार ओळी लिहिल्या की झालं. बर्नरसाठी मेमरी मॅनेजर नको, वेळेचं गणित बिघडतं. रीडरसाठी मात्र सीडीचा ड्रायव्हर, एमएससीडेक्स, माउसचा ड्रायव्हर हे सगळं हवं, आणि ते ६४० केबीच्या खोलीतून जमेल तेवढं वरच्या माळ्यावर टाकावं लागतं. आज दोन दाबलं.

साडेनऊ

गिऱ्हाईक हजर. तरुण मालक, वडिलांचं वर्कशॉप सांभाळतोय. एका जुन्या लेथचं कंट्रोल बोर्ड आहे, मशीन सकाळी चालू होतं, दुपारी मधेच थांबतं. मशीन बनवणारी कंपनी फोन उचलत नाही.

"काका, आजच पाहिजे. उद्या गुरुवार."

पिंपरी-चिंचवडच्या बाहेरच्यांसाठी सांगतो: आमच्या एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी. म्हणजे बोर्ड आज निघालं नाही तर थेट शुक्रवार.

"दुसरं मशीन आहे ना तसंच? त्याचं बोर्डही घेऊन या."

ते त्यानं आधीच आणलं होतं. पोरगा हुशार आहे. "संध्याकाळी सहाला या," म्हटलं.

दहा ते बारा

बोर्डावर ईप्रॉम आहे, २८ पायांची, ८ केबीची, वरच्या काचेच्या खिडकीवरचं लेबल अर्धं गळून पडलेलं. हीच मेख असणार. या चिपमध्ये माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, आणि तो तीस वर्षांत झिरपतो. त्यात खिडकी उघडी. डेटाशीटमध्येच लिहिलेलं असतं की थेट उन्हात ठेवली तर साधारण आठवड्यात पुसली जाईल, आणि ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत.

चांगल्या बोर्डावरची चिप वाचून फाइल करायची आणि नव्या चिपमध्ये उतरवायची, एवढंच काम. पण डब्यातल्या सुट्या चिपांत दोन जाती निघाल्या: २७६४ आणि २७६४ए. दिसायला जुळ्या. एकीला बर्न करताना २१ व्होल्ट लागतात, दुसरीला साडेबारा. साडेबारावालीला २१ दिले तर ती मेलीच. शिवाय काही चिपांवर कंपनीचं जे चिन्ह आहे ते आमच्या बर्नरच्या यादीत नाही. म्हणून डेटाबुक.

हेल्परनं तोवर मोबाइल काढला. "काका, हे बघा, मिळाली डेटाशीट." मिळाली होती खरी, पण दुसऱ्या कंपनीची, आणि सी अक्षरवाली सीमॉस जात. इंटरनेटवर नंबर टाकला की जवळपासचं काहीतरी येतंच, आणि नेमकं हेच जवळपासचं चिप जाळतं. "सीडी काढ," म्हटलं, "पंच्याण्णवची."

रीडर उघडायला वेळ लागतो. काळा पडदा, मग एकदम राखाडी खिडकी, मेनू, बाण. यातलं काहीही डॉसनं दिलेलं नाही. डॉस फाइल उघडून देतं, बंद करून देतं, संपलं. खिडकी काढायची, माउसचा बाण हलवायचा, अक्षरांचे आकार बिंदूबिंदूंनी भरायचे, सगळं या एका प्रोग्रामनं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आहे. फॉण्टसुद्धा घरचे: हेल्व्हेटिका, टाइम्स आणि कुरियर यांचे प्रत्येकी चार प्रकार, वर सिम्बॉल आणि झॅफ डिंगबॅट्स, असे चौदा गृहीत धरायचे हा पीडीएफचा सुरुवातीपासूनचा नियम. फाइलमध्ये दुसराच फॉण्ट असेल आणि तो सोबत जोडलेला नसेल, तर अडोबी सान्स किंवा अडोबी सेरिफ हा लवचिक फॉण्ट ताणून-आवळून त्याच रुंदीचा करायचा, म्हणजे ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. कोणावर अवलंबून नाही म्हणून आजही चालतो. त्याच काळातले विंडोजचे किती प्रोग्राम एखादी डीएलएल सापडत नाही म्हणून रडत बसतात ते मोजायला नको.

पान उघडलं. अमेरिकन लेटर पान ६१२ पॉइंट रुंद, आणि आमचा पडदा व्हीजीए, ६४० ठिपक्यांचा. मूळ मापात पाहिलं की एका पॉइंटला एक ठिपका, त्यामुळे रुंदी जेमतेम मावते. उंची ७९२ आणि पडद्याला ४८०, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त पान दिसतं. वाचायचं आणि खाली ओढायचं. लेख वाचायला हे त्रासाचं, पण डेटाशीट कोणी वरून खाली वाचत नाही. तक्ता शोधायचा, तळटीप शोधायची.

आणि आकृत्या! टायमिंग डायग्राम इथे रेघांनी काढलेला आहे, ठिपक्यांनी नाही. चारशे टक्क्यांपर्यंत मोठा केला तरी रेघ रेघच राहते. पत्त्यांच्या तारा स्थिर झाल्या, मग डेटा, मग प्रोग्रामचा पल्स खाली, आणि सगळ्यावर व्हीपीपीची रेघ पाच व्होल्टवरून वर चढलेली. तिच्या टोकाशी बारीक आकडा: १२.५. म्हणजे डब्यातल्या त्या अनोळखी चिपा ए जातीच्याच. मिटला प्रश्न.

स्कॅन केलेली पानं मात्र या यंत्रावर शिक्षा आहेत. ३०० डीपीआयचं एक लेटर पान म्हणजे २५५० गुणिले ३३०० ठिपके, उलगडल्यावर जवळजवळ एक एमबी. फॅक्सच्या पद्धतीनं दाबून ते फाइलमध्ये लहानसं बसतं, पण ४८६ला ते उलगडून पुन्हा पडद्याच्या मापात आणायचं असतं. वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी पान उतरतं. तेवढ्यात एक आयसी सोल्डरमधून निघते.

हेल्परनं एक बरोबर प्रश्न विचारला. फाइल शेकडो पानांची, सीडी जुनी, मग शेवटच्या पानावर उडी मारली तर लगेच कसं येतं? मी लिस्ट नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये तीच फाइल उघडली आणि शेवटाला गेलो. पीडीएफ उलटी वाचतात. शेवटच्या ओळीच्या वर एक आकडा असतो, त्या आकड्यावर एक तक्ता असतो, आणि तक्त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे फाइलमधला एखादा तुकडा कितव्या बाइटवर आहे त्याचा पत्ता. दहा अंक, जागा, पाच अंक, जागा, एक अक्षर, ओळ संपल्याच्या दोन खुणा. मोजून वीस बाइट. कमी नाही, जास्त नाही. म्हणून पाचशेवा तुकडा हवा असेल तर तक्ता वाचत जायची गरज नाही, सुरुवातीपासून दहा हजार बाइट पुढे जायचं आणि ती ओळ उचलायची. सगळी फाइल मेमरीत घ्यावी लागत नाही. सेकंदाला १५० केबी देणारा सीडी ड्राइव्ह आणि चार-आठ एमबीचं यंत्र समोर धरून केलेलं हे काम आहे.

"डोकं चालवलंय," हेल्पर म्हणाला. त्याच्याकडून ही मोठी पावती.

साडेबारा

चिपा पुसायला दिव्याखाली ठेवल्या. अतिनील दिवा, इंचभर अंतर, वीसेक मिनिटं. तोवर डबा.

जेवताना हेल्परला थोडा इतिहास ऐकवला, त्याला तो ऐकावा लागतो. अडोबीच्या जॉन वॉर्नॉक यांनी कॅमलॉट नावाचा प्रकल्प कागदावर मांडला. कल्पना एवढीच की कुठल्याही यंत्रावर केलेलं पान कुठल्याही यंत्रावर तसंच दिसावं आणि तसंच छापलं जावं. अॅक्रोबॅट बाजारात आलं जून १९९३मध्ये. आणि गंमत बघा, नुसतं वाचायचा रीडरसुद्धा विकत, पन्नास डॉलरला! कोण घेणार? कॉमन ग्राउंड, एन्व्हॉय, रेप्लिका असे प्रतिस्पर्धीही होते. पुढे रीडर फुकट झाला. अमेरिकेच्या आयकर खात्यानं आपले फॉर्म पीडीएफमध्ये द्यायला सुरुवात केली, रीडर वाटायचे हक्कही घेतले, आणि गाडी रुळावर आली. प्रतिस्पर्ध्यांची नावं आज कोणाच्या तोंडी नाहीत.

दीड ते साडेतीन

रीस्टार्ट, एक दाबलं, बर्नर. चांगली चिप वाचली, चेकसम टिपून घेतला, पुन्हा वाचली, तोच चेकसम. मग आजारी चिप: प्रत्येक वाचनाला वेगळा आकडा. निदान पक्कं.

बर्न करताना घाई करत नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक बाइटला ५० मिलिसेकंदांचा पल्स, ८१९२ बाइट, म्हणजे सातएक मिनिटं. शहाणी पद्धत लहान पल्स देते, वाचून बघते, बसलं असेल तर पुढे जाते. तिचा फ्लोचार्ट डेटाशीटच्या पुढच्याच पानावर होता आणि मी तो सकाळीच डॉट मॅट्रिक्सवर काढून ठेवला होता. पहिली चिप तिसऱ्या हजारात अडली, टाकून दिली. दुसरी सुरळीत गेली. चेकसम जुळला. खिडकीवर काळी चिकटपट्टी, वर पेनानं तारीख.

पावणेचार

चहा. मालकाचा व्हॉट्सअॅप: "काका, ड्राइव्हचं मॅन्युअल मिळालं, पाठवतो." लांबलचक नाव, आठ एमबी. मोबाइलवर क्षणात उघडलं. हेल्परला खाज, ते ४८६वर उघडायची. आठ अधिक तीन अक्षरांचं नाव देऊन कार्डावर टाकलं. रीडरनं साफ नकार दिला.

नकार देणारच. डॉसची आवृत्ती १.०वरच थांबली. १९९६च्या पीडीएफ १.२मध्ये फ्लेट नावाचं नवं दाबणं आलं, आणि तेव्हापासून बहुतेक फाइली तसंच दाबतात. २००३च्या १.५मध्ये तर तो वीस बाइटांचा तक्तासुद्धा दाबून ठेवायची मुभा मिळाली. जुना रीडर शेवटी जाऊन बघतो तर तिथे पाटीच नाही. क्यूपीडीएफसारख्या साधनानं फाइल मोकळी करून, तक्ता पुन्हा जुन्या पद्धतीचा करून देता येते. मग कधी उघडते, कधी नाही. आज तेवढा वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. मॅन्युअल मोबाइलवर दिसतंय ना? तिथेच वाचू.

उलट बाजूनं मात्र काही अडत नाही. पंच्याण्णवच्या सीडीवरच्या फाइली आजच्या कुठल्याही फोनवर उघडतात. हा या पद्धतीचा खरा मोठेपणा, आणि तो अडोबीनं पहिल्या दिवसापासून तिचं विवरण छापून खुलं ठेवलं म्हणून. २००८पासून तर ती आयएसओचीच आहे.

मराठीचं दुखणं मात्र वेगळं. त्या काळातल्या मराठी पीडीएफमध्ये अक्षरं युनिकोडची नाहीत, फॉण्टवाल्यानं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली आहेत. फॉण्ट आत जोडला असेल तर छान दिसतं, नसेल तर तो लवचिक फॉण्ट इमानेइतबारे इंग्रजी अक्षरांची खिचडी दाखवतो. माझ्याकडे एका पंपाचं मराठी मॅन्युअल तसं आहे. पंपाच्या आकृत्या मात्र स्वच्छ, आणि फिटरचं तेवढ्यावर भागतं.

पावणेसहा

बोर्ड टेबलावर दोन तास तापवून चालवलं, अडलं नाही. मालक सहाच्या आधीच आला. मजुरी सांगितली, त्यानं घासाघीस केली नाही, म्हणजे मी कमी सांगितली असणार. जुनी चिपही परत दिली, नव्या चिपची फाइल त्याच्या पेन ड्राइव्हवर टाकून दिली आणि दोन्ही बोर्डांच्या खिडक्यांवर पट्टी लावली.

जाता जाता तो म्हणाला, "आमच्याकडे वडिलांनी ठेवलेल्या अशा सीड्यांचा खोकाच आहे. परवा भंगारात जाणार होता."

त्याला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. मशीनसोबत आलेल्या सीड्या भंगारात घालू नका. त्यांचा चंदेरी थर उडतो, ड्राइव्ह मिळेनासे झालेत, आणि त्यातली कित्येक मॅन्युअलं इंटरनेटवर नाहीत. या आठवड्यात ड्राइव्ह मागून आणा आणि सगळ्या फाइली दोन ठिकाणी कॉपी करा. रीडरची चिंता करू नका, फाइल जपा. आणि एखादी सीडी वाचलीच जात नसेल तर भोसरीत घेऊन या, फक्त गुरुवार सोडून.