गुणवत्ता यादीनंतरची वाट

प्रवेशपरीक्षेत नाव आले म्हणजे मुलगा महाविद्यालयात पोहोचला, अशी समजूत पुष्कळ घरांत आढळते. ज्या घरातील कोणी पूर्वी महाविद्यालयात शिकलेले असते, तेथे ही समजूत फारशी बाधत नाही. पुढचे सांगणारे माणूस जवळच असते. जेथे तसे कोणी नसते, तेथे खरी अडचण निकालानंतरच सुरू होते.

२०२४ साली उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाने ‘आय. आय. टी.’ची प्रवेशपरीक्षा दुसऱ्या, म्हणजे नियमाप्रमाणे अखेरच्या, प्रयत्नात उत्तीर्ण केली. त्यास धनबादच्या संस्थेत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. ती राखण्यासाठी १७,५०० रुपये २४ जूनच्या सायंकाळी ५ वाजेपर्यंत भरावयाचे होते. पैशांची जमवाजमव होईतो अखेरचा दिवस सरत आला, संकेतस्थळ बंद झाले आणि जागा गेली. अनेक उंबरठे झिजवून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ३० सप्टेंबर रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने संविधानाच्या १४२ व्या अनुच्छेदानुसार त्यास जादा जागा निर्माण करून त्याच वर्गात प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला हे उत्तमच. परंतु मुदत चुकलेल्या प्रत्येक मुलास दिल्ली गाठता येत नाही.

वास्तविक किती रक्कम लागेल, हे प्रवेशाच्या नियमपुस्तिकेत आधीच दिलेले असते. ती जाडजूड पुस्तिका मे महिन्यातच वाचून समजावून देणारा शिक्षक लाभला, तर घरच्यांना तजवीज करण्यास अवधी मिळतो.

याच पुस्तिकेत पसंतीक्रमाचे कलम असते, आणि त्याचे मर्म गणितात आहे. ‘अवघड शाखा पहिली मागितली तर पहिली पसंती वाया जाईल, हमखास मिळेल तीच वर लिहावी,’ असा सल्ला वडीलधारी मंडळी कळकळीने देतात. तो चुकीचा आहे. डेव्हिड गेल व लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञांनी १९६२ साली मांडलेली एक रीत २०१५ पासूनच्या संयुक्त प्रवेशवाटपाच्या मुळाशी आहे. संगणक प्रत्येकाची मागणी प्रथम त्याच्या पहिल्या पसंतीच्या शाखेकडे नेतो. शाखा वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी तात्पुरते धरून ठेवते व बाकीच्यांना परतवते. परतलेला दुसऱ्या पसंतीकडे जातो. समजा, त्याचा क्रमांक ४,००० आहे आणि तेथील शेवटच्या जागेवर ५,००० क्रमांकाचा विद्यार्थी आपली पहिली पसंती म्हणून आधीच बसला आहे. तरी उठावे लागते ते ५,००० क्रमांकाच्या विद्यार्थ्यास. सर्वांच्या मागण्या स्थिरावेपर्यंत कोणाचीच जागा पक्की नसते. म्हणून वरचे मागितल्याने खालचे हातचे जात नाही. मनात जो क्रम असेल तोच कागदावर उतरवावा. (शॅप्ली यांना पुढे २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.)

दाखल्यांची गोष्ट निराळी. तेथे गणित नाही, केवळ तारीख आहे. या परीक्षेसाठी इतर मागास वर्गाचे ‘नॉन-क्रीमी लेयर’ प्रमाणपत्र आणि आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र त्या वर्षाच्या १ एप्रिलनंतरचे लागते. गतवर्षीचे चालत नाही. शिवाय केंद्राचा नमुना राज्याच्या नमुन्याहून वेगळा असतो, आणि राज्याच्या यादीतील जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव एका तऱ्हेने व आधारपत्रावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असले, तर ती दुरुस्ती बारावीच्या आरंभीच उरकावी. ऐन जूनमध्ये ती साधेलच याचा भरवसा नसतो.

गावच्या ग्रंथालयात वृत्तपत्रांच्या मेजाजवळ एक फळा टांगलेला असला तरी पुष्कळ काम होते. त्यावर अर्जाची मुदत, शुल्काचा आकडा आणि अखेरच्या दिवसाची तारीख लिहावी, व तारखेपुढे वेळही लिहावी. कारण तो दिवस मध्यरात्री संपत नाही, सायंकाळी ५ वाजताच संपतो.